विमानाचें भाडें आणि सावध प्रवासी

सुट्टी जवळ आली कीं शाळेंतील मुलांच्या मनांत पहिला विचार येतो तो गांवाचा. आपल्या पिंपरी-चिंचवड नगरींत तर ह्या विचाराला विशेष अर्थ आहे. कारण येथें राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव दुसरीकडे आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, १९६६ सालीं टाटांच्या मोटार-कारखान्याची येथें सुरुवात झाली, आणि पुढें कारखान्यांची ही रांग भोसरी, आकुर्डी व निगडी ओलांडून चाकण-तळेगांवपर्यंत जाऊन पोंचली. कारखान्यांच्या पाठोपाठ माणसें आलीं. कोणी विदर्भांतून आले, कोणी खानदेश-मराठवाड्यांतून आले, तर कोणी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, केरळ अशा दूरच्या प्रांतांतून आले. त्यामुळें आपल्या एकाच वर्गांत एका मुलाची आजी नागपुरास, दुसऱ्याची पाटण्यास, तर तिसऱ्याची कोचीनला वाट पाहत बसलेली असते.

आजीच्या घरीं जावयाचें कसें, हा खरा प्रश्न आहे. रेल्वे आहेच, परंतु पुण्याहून दानापूरची गाडी धरली तर एका दिवसाहून अधिक काळ गाडींत काढावा लागतो, आणि ज्या कामगाराला दिवाळीची मोजकीच रजा मिळते त्याची अर्धी रजा रुळांवरच संपते. म्हणून पूर्वीं ज्यांनीं विमान केवळ आकाशांत पाहिलें होतें अशीं पुष्कळ कुटुंबें आतां विमानानें जाऊं लागलीं आहेत. मात्र तिकीट काढावयास बसलें कीं एक चमत्कार दिसतो. काल जें भाडें पांच हजार रुपये होतें तें आज साडेआठ हजार झालेलें असतें. इतकेंच नव्हे, तर एकाच विमानांत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन प्रवाशांनीं दिलेलें भाडेंही पुष्कळदां निराळें असतें. हें पाहून कोणी म्हणतो, हा नशिबाचा खेळ. कोणी म्हणतो, ही शुद्ध लबाडी. विचार केला असतां ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत असें दिसून येईल. विमानाचें भाडें कां बदलतें, व तें बदललें कीं आपणांस कळविणारी जी सोय हल्लीं उपलब्ध आहे तिचा शहाणपणानें उपयोग कसा करावा, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय क्षुल्लक नाहीं, हें एका साध्या हिशेबानें कळेल. वर दिलेलाच फरक घ्या. माणशी साडेतीन हजार रुपये म्हणजे चौघांच्या कुटुंबास एका बाजूच्या प्रवासांत चौदा हजार, आणि जाऊन येऊन अठ्ठावीस हजार रुपये. कित्येक घरांत हा कर्त्या माणसाचा महिन्याभराचा पगार होय. तो वांचला तर आजीची भेट घडते. न वांचला तर, 'यंदा नको, पुढल्या वर्षीं पाहूं,' असें म्हणून बेत रहित होतो. आणि वृद्ध माणसांच्या बाबतींत पुढल्या वर्षाचा भरंवसा कोणीं द्यावा?

आतां भाव ठरण्याच्या रीती पाहूं. चाकणच्या बाजारांत कांद्याचा लिलाव होतो, तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे कीं तेथें भाव सर्वांदेखत ठरतो. माल किती आला आणि घेणारे किती जमले हें डोळ्यांनीं दिसतें, व त्यावरून आज भाव चढेल कीं पडेल ह्याचा अजमास शेतकऱ्याला करतां येतो. ही पहिली रीत. दुसरी रीत साध्या रेल्वे-गाडीची. तेथें अमुक अंतरास अमुक वर्गाचें भाडें ठरलेलें असतें. आज काढा कीं महिन्यानें काढा, तें तेंच राहतें. विमानाची रीत ह्या दोहोंहून निराळी आहे. तेथें भाव लिलावासारखा हलतो, परंतु लिलाव मात्र पडद्याआड चालतो. किती आसनें उरलीं आणि घेणारे किती आहेत हें विकणाऱ्याला ठाऊक असतें. घेणाऱ्याला फक्त शेवटचा आंकडा दिसतो. सगळी अडचण ह्या एका गोष्टींत आहे.

विमान-कंपनी असें कां करते? आसन ही नाशिवंत वस्तु आहे. विमान उडालें कीं रिकाम्या राहिलेल्या आसनाची किंमत शून्य. विमान भरलेलें असो वा अर्धें रिकामें असो, वैमानिकाचा पगार, विमानतळाचा आकार आणि इंधनाचा बराचसा खर्च सारखाच येतो. ह्यावर कोणी विचारील, कीं मग भाजीवाला जसा संध्याकाळीं उरलेली मेथी स्वस्तांत देऊन टाकतो, तसें विमानाचें तिकीटही शेवटच्या दिवशीं स्वस्त व्हावयास हवें. परंतु बहुधा नेमकें उलट घडतें; कारण शेवटच्या दिवशीं येणारें गिऱ्हाईक निराळें असतें. ज्याला हवा पालटावयास जावयाचें आहे तो दोन महिने आधीं बेत करतो, भाव पाहतो, आणि महाग वाटलें तर घरीं राहतो. उलट, ज्याला उद्यां सकाळीं दिल्लीस व्यवहाराच्या बैठकीस हजर राहिलें पाहिजे, किंवा ज्याच्या घरीं कोणी आजारी पडलें आहे, त्याला कितीही भाडें पडलें तरी गेलेंच पाहिजे. कंपनीला हा भेद ठाऊक असतो, म्हणून अशा घाईच्या प्रवाशांसाठीं ती कांहीं आसनें मुद्दाम राखून ठेवते व महाग विकते.

ह्याची व्यवस्था कशी असते तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका विमानांत १८० आसनें आहेत. कंपनीनें त्यांचे पांच खण पाडले. पहिल्या खणांत ३० आसनें, प्रत्येकीं ४,००० रुपये. दुसऱ्यांत ४० आसनें, ५,००० रुपये. तिसऱ्यांत ५०, दर ६,५००. चौथ्यांत ४०, दर ८,५००. आणि शेवटच्या खणांत २० आसनें, दर १२,००० रुपये. आसनें सारखींच, खिडकी सारखीच, पोंचण्याची वेळही सारखीच. परंतु पहिला खण रिकामा झाला कीं दुसरा उघडतो. शिवाय ह्या खणांच्या भिंती पक्क्या नसतात. विक्री अपेक्षेपेक्षां मंद चालली तर कंपनीचा संगणक महागड्या खणांतील कांहीं आसनें काढून पुनः स्वस्त खणांत टाकतो, आणि मग चढलेलें भाडें एखाद्या दिवशीं एकाएकीं उतरतें. विक्री जोरांत असेल तर स्वस्त खण मुदतीपूर्वींच बंद होतो. भाडें वर-खालीं होण्याचें मुख्य रहस्य तें हेंच.

आपल्या रेल्वेनेंही ह्याच तत्त्वाचा कांहीं गाड्यांत उपयोग केला आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो व शताब्दी ह्या गाड्यांत दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या कीं मूळ भाडें दहा टक्क्यांनीं वाढावें, असा नियम केला गेला, व त्या वाढीला एक वरची मर्यादा घालण्यांत आली. पुण्याहून निजामुद्दीनला जाणाऱ्या दुरांतो गाडीचें तिकीट ज्यांनीं काढलें असेल त्यांस हा अनुभव असेल. फरक एवढाच, कीं रेल्वेच्या पायऱ्या जाहीर आहेत व त्या केवळ वर चढतात. विमानाच्या पायऱ्या गुप्त आहेत व त्या खालींही उतरतात.

ही पद्धति फार जुनी नाहीं. अमेरिकेंत १९७८ सालीं विमान-भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठलें आणि कंपन्यांमध्यें चुरस लागली. अमेरिकन एअरलाइन्स ह्या कंपनीनें १९८५ सालीं आगाऊ तिकीट काढणाऱ्यांस मोठी सवलत देऊं केली, आणि घाईच्या प्रवाशांकडून मात्र पूर्वींचेंच भाडें घेतलें. किती आसनें स्वस्त विकावयाचीं हें ती संगणकाकडून ठरवून घेई. आपल्याकडे १९५३ च्या कायद्यानें विमान-वाहतूक सरकारच्या हातीं आली होती. तो कायदा १९९४ सालीं रद्द झाला व खासगी कंपन्यांस मार्ग मोकळा झाला. २००३ सालीं एअर डेक्कन ही कंपनी निघाली, आणि लवकर येणाऱ्यास अगदीं थोड्या पैशांत विमानांत बसतां येतें, हें सामान्य भारतीय माणसानें प्रथमच पाहिलें. ती कंपनी आज नाहीं. परंतु तिनें रूढ केलेली बदलत्या भाड्याची रीत येथें कायमची रुजली.

आपल्या पुण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. लोहगांवचा विमानतळ हा मूळचा वायुदलाचा तळ आहे. जुलै २०२४ मध्यें तेथें प्रवाशांसाठीं नवी प्रशस्त इमारत खुली झाली खरी, परंतु धांवपट्टी वायुदलाच्या कामासही लागते. म्हणून तेथून हवीं तितकीं विमानें सोडतां येत नाहींत. चाकणच्या बाजूस नवा विमानतळ होणार, ही चर्चा पुष्कळ वर्षें चालली. शेवटीं तो बेत मागें पडून पुरंदरची जागा पुढें आली. जेथें विमानें मोजकीं व प्रवासी पुष्कळ, तेथें स्वस्त खण लवकर रिकामे होणार हें उघड आहे. दिवाळी, छटपूजा, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी ह्या दिवसांत तर सगळी नगरी एकाच वेळीं गांवीं निघते.

अशा स्थितींत प्रवाशानें काय करावें? ह्याचें उत्तर शोधणाऱ्या एका प्राध्यापकाची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या विद्यापीठांत ओरेन एट्झिओनी हे संगणकशास्त्राचे अध्यापक होते. धाकट्या भावाच्या लग्नासाठीं त्यांस लॉस एंजेलिसला जावयाचें होतें. 'लवकर काढलेलें तिकीट स्वस्त' ह्या समजुतीनें त्यांनीं पुष्कळ आधीं तिकीट काढलें. विमानांत त्यांनीं सहज शेजाऱ्याला विचारलें, तेव्हां त्यानें मागाहून तिकीट काढूनही कमी पैसे दिले होते असें आढळलें. आणखी कांहीं जणांस विचारलें, तोच प्रकार. दुसरा कोणी असता तर चरफडत गप्प बसला असता. ह्यांनीं मात्र घरीं येऊन अभ्यास मांडला. कंपनी भाडें कसें ठरवते हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि तें जाणण्याची त्यांस गरजही वाटली नाहीं. त्यांनीं एवढेंच केलें कीं ४१ दिवसांत भाड्यांच्या बारा हजारांहून अधिक नोंदी जमविल्या, आणि त्यांवरून भाडें चढेल कीं उतरेल ह्याचा अंदाज बांधतां येतो काय तें पाहिलें. अंदाज बराच बांधतां येतो असें दिसून आलें, व २००३ सालीं त्यांनीं हा निबंध प्रसिद्ध केला. पुढें त्यांतूनच फेअरकास्ट नांवाची संस्था निघाली आणि २००८ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती विकत घेतली.

ह्या गोष्टींतील बोध साधा आहे. विकणाऱ्याजवळ बुद्धि अधिक असते असें नाहीं. त्याच्याजवळ स्मरण अधिक असतें. कालचें भाडें, परवांचें भाडें, गेल्या वर्षींच्या दिवाळींतील भाडें, हें सारें त्याच्यापाशीं नोंदलेलें असतें. आपण मात्र एकदां आंकडा पाहतों, घाबरतों किंवा हुरळतों, आणि तिकीट काढतों. हें जें स्मरण आपणांपाशीं नाहीं, तें मिळवून देणारी सोय म्हणजे भाडेसूचना. इंग्रजींत तिला 'प्राइस अलर्ट' म्हणतात.

भाडेसूचनेचें काम रात्रीच्या पहारेकऱ्यासारखें आहे. २०११ सालीं सुरू झालेली गूगल फ्लाइट्स, तसेंच स्कायस्कॅनर, अशा संकेतस्थळांवर आपण कोठून कोठें व कोणत्या तारखेस जाणार हें एकदां सांगितलें आणि सूचनेचें बटण दाबलें, कीं तें संकेतस्थळ त्या मार्गाचें भाडें वरचेवर तपासत राहतें. भाडें लक्षांत येण्याइतकें चढलें वा उतरलें कीं ई-मेलनें किंवा मोबाइलवर आपणांस निरोप येतो. ह्यासाठीं पैसे पडत नाहींत, आणि सूचना लावली म्हणून तिकीट घेतलेंच पाहिजे असेंही नाहीं. गूगल फ्लाइट्सवर ठराविक तारखेऐवजीं 'कोणतीही तारीख' अशी सूचनाही ठेवतां येते. ज्यांचा दिवस अजून ठरलेला नाहीं त्यांस ती फार उपयोगी पडते. तेथेंच निरनिराळ्या दिवसांचीं भाडीं एका कोष्टकांत पाहतां येतात, व सध्यांचें भाडें नेहमीच्या मानानें कमी आहे कीं अधिक, हेंही कित्येक मार्गांपुरतें दाखविलेलें असतें.

सोय अशी सुलभ असली तरी तिचा उपयोग करण्यास थोडी शिस्त लागते. त्या शिस्तीचे मुख्य नियम असे आहेत.

पहिला नियम, पहारा लवकर बसवावा. सणाच्या प्रवासासाठीं दोन-तीन महिने अगोदर सूचना लावून ठेवावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं उघडतें. तोंपर्यंत विमानाच्या भाड्याची चढ-उतार आपण पाहिलेली असली, तर रेल्वे कीं विमान, हा निर्णय त्या दिवशीं डोळसपणें घेतां येतो.

दुसरा नियम, आपली मर्यादा आधीं ठरवावी. आईवडिलांनीं एकत्र बसून, 'माणशी इतक्या रुपयांच्या आंत भाडें आलें तर तिकीट घ्यावयाचें,' असा आंकडा कागदावर लिहावा. मर्यादा न ठरवितां सूचना लावणें म्हणजे पहारेकरी ठेवून त्याला चोर कसा दिसतो हें न सांगण्यासारखें आहे. ज्याची मर्यादा ठरलेली नाहीं तो पांच हजारांचें तिकीट साडेचार हजार होईल ह्या आशेनें थांबतो, व शेवटीं साडेआठ हजार देतो. मर्यादेच्या आंत भाडें आलें कीं तिकीट घ्यावें आणि सूचना बंद करून टाकावी. नंतर तें आणखी शंभर-दोनशें रुपयांनीं उतरलें म्हणून हळहळत बसूं नये. आपणांस परवडणारें तिकीट मिळालें, हेंच पुरेसें आहे.

तिसरा नियम, एक दिवस अलीकडे-पलीकडे होण्याची तयारी ठेवावी. 'तिकीट मंगळवारीं काढलें कीं स्वस्त पडतें,' असें पुष्कळ लोक सांगतात. परंतु तिकीट कोणत्या वारीं काढलें ह्यापेक्षां प्रवास कोणत्या दिवशीं आहे ह्याला महत्त्व अधिक. सुट्टी लागते त्याच संध्याकाळचें विमान सर्वांनाच हवें असतें. दुसऱ्या दिवशीं पहांटे निघण्याची तयारी असेल तर पुष्कळदां कमी भाडें पडतें. म्हणून दोन-तीन तारखांच्या निरनिराळ्या सूचना लावाव्या.

चौथा नियम, दुसरा विमानतळही पाहावा, पण पूर्ण हिशेब करून. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें व २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानें सुटूं लागलीं. किवळ्याहून कळंबोलीपर्यंत जाणारा द्रुतगति महामार्ग ९४.५ किलोमीटरांचा आहे, आणि कळंबोलीपासून हा विमानतळ फार दूर नाहीं; त्यामुळें पिंपरी-चिंचवडच्या माणसाला तो मुंबईच्या जुन्या विमानतळाहून सोयीचा पडतो. समजा, तेथून माणशी १,५०० रुपये कमी पडतात. म्हणजे चौघांचे ६,००० वांचले. परंतु मोटारीचें भाडें व टोल मिळून ४,००० रुपये गेले, तर खरी बचत २,००० रुपयांचीच, आणि प्रवासाचे कांहीं तास अधिक गेले ते निराळेच. एकटा माणूस बसनें गेला तर हिशेब पुनः बदलतो. तसेंच, कांहीं स्वस्त तिकिटांत हातांतील पिशवीखेरीज सामान धरलेलें नसतें. गांवीं जातांना ज्यांच्या पेट्या भरलेल्या असतात त्यांनीं सामानाचा आकार मिळवूनच दोन तिकिटांची तुलना करावी.

पांचवा नियम मोठ्या कुटुंबांसाठीं. वरच्या उदाहरणांतील पहिल्या खणांत दोनच आसनें उरलीं आहेत, व आपण चौघांचें तिकीट एकदम मागितलें, असें धरा. कित्येक ठिकाणीं संगणक चौघांसही दुसऱ्या खणाचा, म्हणजे ५,००० रुपयांचा, दर लावतो. एकूण २०,००० रुपये. तेंच दोघांचें व दोघांचें असें वेगळें काढलें, तर ८,००० व १०,००० मिळून १८,००० रुपये होतात. म्हणून एकाचें भाडें व सर्वांचें भाडें हीं दोन्ही पाहून घ्यावीं. मात्र वेगळीं तिकिटें काढल्यास जागा दूर दूर मिळण्याचा संभव असतो, आणि पुढें कांहीं बदल करावयाचा झाल्यास तो दोनदां करावा लागतो. लहान मुलें बरोबर असतील तर हें ध्यानांत ठेवून निर्णय घ्यावा.

आतां ह्या सोयीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भाडेसूचना ही भविष्यवाणी नव्हे. जें घडून गेलें तेंच ती सांगते, आणि तेंही कधीं कधीं उशिरां. निरोप वाचून आपण संकेतस्थळ उघडेपर्यंत तो खण रिकामा झालेला असूं शकतो. दिवाळीच्या आदल्या दिवसाचें भाडें उतरेल म्हणून वाट पाहणें बहुधा व्यर्थ जातें, कारण तीं विमानें भरण्याची कंपनीला चिंता नसते. आणि जेव्हां विमानेंच कमी पडतात, तेव्हां सूचनेचा कांहींच इलाज चालत नाहीं. महामारीनंतर २५ मे २०२० रोजीं देशांतील विमानें पुनः सुरू झालीं, तेव्हां सरकारनें भाड्यांस खालची व वरची मर्यादा घातली, आणि ती ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत राहिली. पुढें डिसेंबर २०२५ च्या आरंभीं देशांत विमानांचीं उड्डाणें मोठ्या संख्येनें रद्द झालीं आणि भाडीं भडकलीं. तेव्हांही सरकारनें अंतराप्रमाणें तात्पुरती वरची मर्यादा ठरविली. अशा संकटांत एकट्या प्रवाशाची हुशारी पुरी पडत नाहीं, तेथें शासनाचाच आधार लागतो. तसेंच, घरीं कोणी आजारी असतां स्वस्त भाड्याची वाट पाहत बसणें हें शहाणपण नव्हे. त्या वेळीं मिळेल त्या तिकिटानें निघावें. इतर प्रसंगीं जे पैसे जपले जातात, ते अशाच प्रसंगासाठीं.

दुसरी सावधगिरी फसवणुकीची. स्वस्त तिकिटाच्या आशेवर असलेल्या माणसाला गांठणारे ठक पुष्कळ आहेत. 'अर्ध्या किंमतींत विमानाचें तिकीट' असा निरोप अनोळखी क्रमांकावरून आला, तर त्यांतील दुव्यावर बोट ठेवूं नये. आपण स्वतः लावलेल्या सूचनेवरूनही थेट पैसे न भरतां, विमान-कंपनीचें मूळ संकेतस्थळ स्वतः उघडावें, भाडें तेंच आहे काय तें पाहावें, आणि मग तेथेंच तिकीट काढावें, हें उत्तम. बँकेचा ओटीपी कोणालाही सांगूं नये. एवढें करूनही कोणी फसला, तर लाजून गप्प न बसतां १९३० ह्या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावें. विलंब जितका कमी, तितकी पैसे अडविले जाण्याची आशा अधिक.

तिकीट रद्द करण्याचे नियमही तें घेण्यापूर्वींच वाचावे. अतिशय स्वस्त तिकिटावर रद्द केल्यास मूळ भाड्यांतील कांहींच परत मिळत नाहीं, असें पुष्कळदां असतें. तरी विमानतळाचा आकार व सरकारी कर हे परत मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे, आणि रद्द करण्याचा दंड मूळ भाडें व इंधन-अधिभार ह्यांच्या बेरजेहून अधिक घेतां येत नाहीं. हा हक्क पुष्कळांस ठाऊक नसल्यामुळें ते पैसे तसेच राहून जातात.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक विनंति. तुमच्यांपैकीं पुष्कळांचे आईवडील पाळीपाळीनें कारखान्यांत राबतात. संकेतस्थळें धुंडाळण्यास त्यांस सवड नसते, आणि कित्येकांस त्यांची सवयही नसते. हें काम तुम्हीं अंगावर घ्यावें. एक वही करा. सूचना लावल्या दिवसापासून दर रविवारीं तारीख व भाडें लिहा, आणि गणिताच्या तासाला शिकलेल्या रीतीनें त्याचा आलेख काढा. आठ-दहा आठवड्यांनीं तुमच्यापाशीं तुमच्या गांवच्या वाटेचा एक छोटासा इतिहास तयार होईल. तो पुढील वर्षींही उपयोगी पडेल, आणि शेजाऱ्यांनाही दाखवितां येईल. पैसे देण्याचा निर्णय मात्र आईवडिलांचाच असूं द्या.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आपल्या हातीं जें थोडें सोंपविलें आहे त्याचा विश्वासूपणें कारभार करणें, हें आपणांस ह्या शाळेंत वारंवार शिकविलें जातें. विमानाच्या तिकिटांत वांचलेले पैसे हे कोणीतरी यंत्रापाशीं उभें राहून, घाम गाळून मिळविलेले असतात. ते जपले गेले तर आजीसाठीं लुगडें घेतां येईल, बहिणीची फी भरतां येईल, किंवा वर्षांतून एकदां होणारी भेट दोनदां होईल. त्यासाठीं करावयाचें तें इतकेंच कीं, बेत लवकर ठरवावा, मर्यादा लिहून ठेवावी, आणि पहारेकऱ्यानें हांक मारली कीं वेळीं उठावें.